चार वाजताची भूक

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्षातून एकदा 'आनंदनगरी' भरते. कुठं तिला बाल आनंद मेळावा म्हणतात. मैदानात चुन्याच्या रेघा, रेघेवर ओळीनं दुकानं आणि दुकानांचे मालक म्हणजे लेकरं! भेळ, वडापाव, पाणीपुरी, गुलाबजाम, मसाला ताक... पाहुणे येतात, फीत कापतात, भेळ खातात, फोटो निघतो. लेकरांना नफा-तोटा कळावा, सुट्ट्या पैशांचा हिशेब यावा, हा हेतू चांगलाच आहे. पण त्या दिवशी कोणत्याही दुकानापुढे उभं राहून विचारून बघा, "बाळा, हे केलं कोणी?" उत्तर ठरलेलं. "मम्मीनं!"

म्हणजे पहाटे चारला उठून बटाटे उकडले मम्मीनं, कांदा चिरला मम्मीनं, पुऱ्या तळल्या मम्मीनं. लेकरांनी फक्त विकलं. खाण्याचा पदार्थ विकायला आपण लेकरांना शिकवतो, मग तो करायला का शिकवत नाही? सात-आठ वर्षांच्या लेकराला चार मुठी मुरमुरे कालवता येणार नाहीत का?

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला त्याला कारण आमचं गाव. मी राहते वसमतला. हिंगोली जिल्ह्यातलं हे हळदीचं गाव. इथल्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकन हळदीला मिळालं, पण त्या हळदीमागं राबणारे हात बहुतेक बायांचे. फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे आमच्याकडे नुसती धांदल. हळद खणायची, कंद वेचायचे, मोडायचे, शिजवायचे, उन्हात वाळवायचे. बाया सकाळी डबा बांधून जातात त्या दिवस कलल्यावर परततात. आणि नेमकं याच दिवसांत ऊन वाढतं म्हणून शाळा सकाळची होते. लेकरं पोषण आहाराची खिचडी खाऊन दुपारी घरी येतात. घराला कडी. दुपार कशीबशी खेळण्यात जाते. चार वाजले की पोटात कावळे ओरडायला लागतात.

बचत गटाच्या कामामुळे एका वस्तीतल्या घराघरांत माझं जाणं-येणं आहे. चार वाजता तिथं काय चालतं ते मी रोज बघायचे. आईनं जाताना हातावर ठेवलेले पाच रुपये घेऊन लेकरं दुकानाकडं पळायची. पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा! तो संपला की परत भूक. काही घरांत पाच रुपयेही नसायचे. तिथं एखादी नऊ-दहा वर्षांची पोरगी चूल पेटवून धाकट्यांसाठी काहीतरी शिजवत बसायची.

या पुड्यांबद्दल मीच बोलते असं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक सूत्रं दिली. त्यांतही मीठ, साखर, तेलानं भरलेले असे कारखान्यातले पदार्थ कमी करा असंच सांगितलंय. दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको. पाच ग्रॅम म्हणजे सपाट एक छोटा चमचा. पण नुसतं "पुडे खाऊ नका" म्हणून लेकरं ऐकतील का? भूक लागलेल्या लेकराला उपदेश नको, खायला पाहिजे.

म्हणून मागच्या एप्रिलमध्ये वस्तीतल्या समाजमंदिरात दहा दिवसांचा वर्ग घ्यायचं ठरवलं. वेळ दुपारी चार ते साडेपाच. लेकरं १६ आली. ९ मुली, ७ मुलगे. वय सहा ते बारा. अट एकच ठेवली. विस्तव नाही. गॅस, चूल, स्टोव्ह, काडेपेटी यांतलं काही नाही. जे करायचं ते विस्तवाशिवाय.

पहिला धडा हातांचा

पहिल्या दिवशी पदार्थ सोपा, लिंबाचं सरबत. पण त्याआधी अर्धा तास गेला तो हात धुण्यात. आमच्याकडे एप्रिलात पाण्याची ओढाताण. म्हणून एकानं तांब्यातून धार धरायची, दुसऱ्यानं हात चोळायचे. बोटांच्या मधे, नखांखाली, मनगटापर्यंत, वीस आकडे मोजेपर्यंत. लेकरांना त्यात एवढी मजा वाटली की धुतलेले हात पुन्हा धुवायला रांग लागली!

मग सरबत. एक रसदार लिंबू, दोन पेले पाणी, चार छोटे चमचे साखर, चिमूटभर मीठ. एकानं लिंबाच्या बिया काढल्या, एकानं चमचे मोजले. कोणी पाच चमचे टाकून बघितले, कोणी मीठ विसरलं. आपल्या हातानं केलेलं पाणी ते, पण पिताना चेहरे बघण्यासारखे होते.

दुसऱ्या दिवशी आपल्या मराठवाड्याचे लाडके लावलेले मुरमुरे. चार वाट्या मुरमुरे, दोन छोटे चमचे कच्चं तेल, अर्धा चमचा तिखट, चवीपुरतं मीठ, एक चमचा मेतकूट, मूठभर डाळं, भाजलेले शेंगदाणे. आधी तेलात तिखट-मीठ-मेतकूट कालवायचं, मग मुरमुरे घालून हलक्या हातानं चोळायचं. कांदा मी चिरून नेला होता. कोथिंबीर लेकरांनी हातानं खुडली. सहा-सात वर्षांच्या हातांना खुडणं, सोलणं, कुस्करणं, चोळणं ही सगळी कामं चांगली जमतात. सुरी लागतच नाही.

तिसऱ्या दिवशी दाण्या-गुळाचे लाडू. शेंगदाणे मी घरून भाजून थंड करून नेले. फोलपटं काढायला सगळे बसले. सूप धरून पाखडायचं कसं ते एका मुलीच्या आजीनं येऊन दाखवलं. मग खलबत्ता. तिथं मात्र मुलग्यांनी रांग लावली! चार वाट्या दाण्यांचा कूट, दोन वाट्या बारीक चिरलेला गूळ, सगळं एकत्र मळायचं. दाण्यांचं तेल सुटतं, गूळ विरघळतो आणि लाडू वळला जातो, तूपही लागत नाही. "१६ जण, प्रत्येकाला दोन, तर लाडू किती वळायचे?" असं विचारलं तेव्हा पाढ्याला घाबरणारा एक गडी पटकन म्हणाला, "बत्तीस!" खाण्याचा हिशेब असला की गणित येतं बघा.

मग मटकी. सकाळी भिजवलेली मटकी रात्री फडक्यात बांधायची, हे लेकरांनी घरोघरी ऐकलेलं. पण फडक्याची गाठ आपण बांधायची आणि दुसऱ्या दिवशी आपणच सोडायची यात वेगळंच कौतुक असतं. बारीक पांढरे मोड बघून एक जण म्हणाली, "काकू, हिला शेपटी आली!" उन्हाळ्यात मोडाची मटकी लवकर आंबते आणि लहानांना कच्ची बाधूही शकते, म्हणून तिला एक वाफ मी माझ्या घरी देऊन आणली. पुढचं काम लेकरांचं. काकडी, टोमॅटो, कोथिंबीर आणि वरून लिंबू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या १०० लेकरांपैकी जवळपास ६९ जणांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबाच्या आंबटाची मदत होते. लेकरांना मी एवढंच सांगितलं, "मटकीवर लिंबू पिळलं की रक्त वाढायला मदत होते." ते त्यांच्या पक्कं लक्षात राहिलं.

काकडी चिरायला नऊ वर्षांवरच्यांनाच छोटी, बिनटोकाची सुरी दिली. काकडी आधी मधून उभी चिरायची, सपाट बाजू खाली ठेवायची, म्हणजे ती घरंगळत नाही. धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवायची. विळी मात्र कोणालाच नाही.

"मी तर भाकरी करते..."

या वर्गात एक मुलगी होती. दहा वर्षांची, पाचवीत जाणारी. दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी सुरीचा नियम ऐकून ती हसली आणि म्हणाली, "काकू, मी तर घरी चुलीवर भाकऱ्या करते. अन् तुम्ही काडेपेटीबी हातात घेऊ देईना!"

खरं होतं तिचं. तिच्या मनगटावर चटक्याच्या दोन जुन्या खुणा होत्या. आई-बाप दोघं मजुरीला. ही घरातली थोरली. आठ वर्षांचा भाऊ वर्गातच होता, त्याच्याखालची बहीण तीन वर्षांची. सकाळी शाळेआधी झाडलोट, पाणी, शाळेतून आली की धाकटीला सांभाळणं, संध्याकाळी भाकऱ्या. तिला काय शिकवणार मी? वर्गातल्या सगळ्यांत जास्त तिलाच येत होतं.

मी तिला म्हटलं, "तुला येतं हे मला ठाऊक आहे गं. पण इथं तू काम करायला यायचं नाही. इथं तू खेळायला यायचं."

खरी गोष्ट अशी, की अशा पोरींना आपण "किती गुणाची, आताच सगळा सैपाक करते" म्हणून शाबासकी देतो. त्या शाबासकीखाली तिची खेळायची वेळ, अभ्यासाची वेळ कुठं गेली ते कोणी विचारत नाही. आणि तिच्याच घरातला आठ वर्षांचा भाऊ माठातलं पाणीसुद्धा हातानं घेत नाही. तोही वाईट नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही. भूक दोघांना सारखीच लागते, हात मात्र एकीचेच हालतात.

मला वाटतं, लेकरांना खाऊ करायला शिकवणं म्हणजे मुलींना लवकर स्वयंपाकाला जुंपणं नव्हे. उलट आहे. घरातल्या प्रत्येक लेकराला आपल्या भुकेपुरतं करता आलं, तर एकीच्या अंगावरचं ओझं कमी होतं.

आमच्या वर्गातल्या मुलग्यांवरून कुरबुर झालीच. एका मुलग्याची आजी चौथ्या दिवशी तरातरा आली. "ताई, पोराला सैपाक शिकवून काय त्याची बाई करायची हाय का?" मी त्यांना बसायला पाट दिला. म्हटलं, "आजी, लग्नात पाचशे माणसांचा सैपाक कोण करतो?" "आचारी." "तो बाप्याच ना? वारंगा फाट्याची खिचडी सगळा जिल्हा खातो. तुम्ही नांदेडला गुरुद्वाऱ्यात गेला असाल. तिथं लंगरमध्ये पोळ्या कोण लाटतं, ताटं कोण वाढतं? बाया आणि बाप्ये दोघंही. त्याला तिथं सेवा म्हणतात." आजी काही बोलल्या नाहीत. मग मी म्हटलं, "उद्या तुमचा नातू नांदेडला, लातूरला शिकायला जाईल. रूमवर राहील. मेसच्या डब्याला कंटाळेल तेव्हा कोण आहे करून घालायला?" आजी उठल्या. जाताना नातवाच्या हातचा लाडू मात्र पदरात बांधून घेऊन गेल्या.

हे काही नवं नाही

आमच्या वर्गात नवं असं काही नव्हतं. आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याला, १९३७ मध्ये गांधीजींनी शिक्षणाची परिषद घेतली आणि 'नई तालीम' मांडली. हातानं काम करत शिकायचं हे तिचं सूत्र. सेवाग्रामच्या त्या शाळेत सूतकताई, शेती यांच्याबरोबर स्वयंपाक आणि सफाई हेही शिक्षणच होतं, मुलांना आणि मुलींनाही. मध्यंतरी बंद पडलेली ही शाळा २००५ मध्ये 'आनंद निकेतन' या नावानं पुन्हा सुरू झाली.

तिकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढं अनुताई वाघांच्या साथीनं कोसबाडला आदिवासी लेकरांसाठी बालवाड्या काढल्या. लेकरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा ताराबाईंचा विचार. आज गावोगावी रुजलेला 'अंगणवाडी' हा शब्द त्याच कामातून आला. लेकरू जिथं आहे तिथून आणि त्याच्या रोजच्या जगण्यातूनच शिकवायला सुरुवात करावी, हे या बायांनी आपल्याला केव्हाच दाखवून दिलंय.

आता पुस्तकंही बदलताहेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत चर्चा झाली होती. चित्र छापून आलं ही चांगली गोष्ट झाली. पण लेकरू पुस्तक मिटून घरी येतं तेव्हा त्याला काय दिसतं, हे आपल्याच हातात आहे की नाही?

गृहपाठ

आठव्या दिवशी मी लेकरांना गृहपाठ दिला. "तुम्हाला रोज कोण वाढतं? आज त्या माणसाला तुम्ही वाढायचं. त्या माणसानं बसून खायचं. तुम्ही उभं राहून 'अजून पाहिजे का' विचारायचं." प्रत्येकाला एका कागदात थोडे मुरमुरे आणि डाळं बांधून दिलं.

नवव्या दिवशी गोल करून बसलो आणि एकेकाला विचारलं. कोणी आईला वाढलं होतं, कोणी आजीला. एका मुलीनं चुलतीला. एकाची आई म्हणे रडायलाच लागली, त्याला वाटलं तिखट जास्त झालं! या दहा वर्षांच्या मुलीच्या भावानं मात्र आईला वाढलं नव्हतं. त्यानं विचार केला होता. आई रात्री वाढते, पण चार वाजता, दुपारी आणि सकाळी वाढते ती बहीण. म्हणून त्यानं बहिणीला बसवलं होतं.

मी तिला विचारलं, "कसे झाले होते गं?"

ती म्हणाली, "मीठ लई पडलं होतं काकू." मग थोडं थांबून म्हणाली, "पण मी बसून खाल्लं."

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. दहा वर्षांच्या लेकराला बसून खायचं अप्रूप वाटावं! आणि आपलं तरी काय वेगळं आहे? गरम पोळी सगळ्यांच्या ताटात पडेपर्यंत आपण ओट्यापाशी उभ्या. आपलं ताट शेवटी. तेही एका हातानं आवरता आवरता. ही सवय आपल्याला लग्नानंतर लागली असं आपण म्हणतो. खरं म्हणजे ती दहाव्या वर्षीच लागते.

वर्ग संपल्यावर मी तिच्या आईला भेटले. तिला दोष द्यायला नव्हे. रोजंदारी सोडून ती घरी बसली तर चूल पेटायची नाही हे मला ठाऊक आहे. आम्ही दोघींनी मिळून एवढंच ठरवलं की चार वाजताचं खाणं भावाचं काम आणि पाणी भरणं दोघांचं. आता दुपारी तो मुरमुरे कालवतो, धाकटीला भरवतो आणि ती तेवढा वेळ बाहेर खेळते. भाकऱ्या मात्र अजून तीच थापते. दहा दिवसांच्या वर्गानं घर बदलत नसतं. पण दिवसातला एक तास तिचा झाला.

तुम्हालाही करता येईल

यासाठी समाजमंदिर लागत नाही, पैसे तर अगदीच कमी लागतात. आम्हाला लागले ते मुरमुरे, डाळं, दाणे, गूळ, मटकी, लिंबं आणि काकड्या, म्हणजे आपल्या घरात असतं तेच. गल्लीतल्या चार-पाच लेकरांना घेऊन कोणीही बसू शकतं. शाळेत शिकवणाऱ्या ताई हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते. २०२४ मध्ये राज्यात पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' सुरू झाला. त्यातला एखादा शनिवार मुरमुऱ्यांना देऊन बघा.

काही गोष्टी मात्र पाळाच. विस्तव आणि काडेपेटी मोठ्यांची, हे पहिल्याच दिवशी सांगायचं. मिक्सरला लेकरांचा हात नको. पाच वर्षांखालच्यांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांना कूटच द्यावा. सांडलं तर रागावू नका. ज्यानं सांडलं त्यानं पुसायचं, एवढंच. आणि भांडी घासणं हाही धड्याचाच भाग. तो फक्त मुलींच्या वाट्याला जाणार नाही याकडे लक्ष ठेवा. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकून भांडी घासायचे, त्यामुळे कोणाला तक्रार करायला जागाच राहिली नाही.

शेवटी एक अगदी साधी गोष्ट सांगते. आपल्या स्वयंपाकघरात खाऊचे डबे वरच्या फळीवर असतात, लेकरांचा हात पोचू नये म्हणून. त्यातली सगळ्यांत खालची फळी लेकरांना देऊन टाका. तिथं एका डब्यात मुरमुरे, एकात डाळं, एकात दाण्याचा कूट, एका बरणीत गुळाचे खडे ठेवा. एक वाडगा, एक चमचा. तेल-तिखट-मिठाच्या छोट्या डब्या. शेजारी हात पुसायला एक फडकं. मुलगा असो की मुलगी, चार वाजले की दोघांचेही हात त्या फळीपर्यंत पोचले पाहिजेत.